पोराला मुंबई दाखवायची ती काम नसताना

आपल्या घरातला मुलगा किंवा मुलगी पहिल्यांदा मुंबईला कधी जाते, याचा आपण कधी विचार केला आहे का? बहुतेक घरांत याचे उत्तर एकच येईल, काम पडले म्हणजे. आजोबांना टाटा नाहीतर केईएम रुग्णालयात दाखवायचे असते, कुणाच्या मातीला जायचे असते, किंवा पोराला भरतीच्या परीक्षेचे बोलावणे आलेले असते. म्हणजे ज्या दिवशी डोके ठिकाणावर हवे, नेमक्या त्याच दिवशी पोरापुढे ते एवढे मोठे शहर पहिल्यांदा येऊन उभे राहते. मग पोर गांगरले, तर दोष कुणाचा?

आमच्या भागातल्या एका मुलाची गोष्ट सांगतो. अभ्यासात हुशार, अंगाने काटक, दोन वर्षे घरचे दूध घालून मग अभ्यासाला बसणारा पोरगा. परीक्षेचे केंद्र विद्याविहारला होते. कल्याणला उतरून तो समोर आली त्या लोकलमध्ये चढला. गाडी जलद होती. जलद गाडी घाटकोपरला थांबते आणि मधले विद्याविहार सोडून एकदम कुर्ल्याला थांबते, हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते. विद्याविहारचा फलाट डोळ्यांसमोरून सर्रकन निघून गेला. कुर्ल्याला उतरल्यावर परतीची गाडी कोणत्या फलाटावर येते ते कळेना, विचारायची लाज वाटली. शेवटी धीमी गाडी मिळाली, पण स्टेशनाबाहेर पडला तो उलट्या बाजूला. केंद्राच्या दारात पोहोचला तेव्हा दार बंद झाले होते. वीस मिनिटांचा उशीर, आणि वर्ष गेले. पोराने घरी येऊन सांगितले ते एवढेच, "आबा, मला सगळं येत होतं."

म्हणून म्हणतो, मुलगा-मुलगी चौदा-पंधरा वर्षांची झाली, की एकदा काहीही काम नसताना त्यांना मुंबईला घेऊन जा. ही चैन नव्हे. बैल पहिल्यांदा औताला धरतो तेव्हा आपण भर पेरणीच्या दिवशी धरतो का? आधी मोकळ्या रानात चार वेळा फिरवतो. तसेच हे आहे.

कधी जावे, ते आधी पाहू. जून ते सप्टेंबर सोडून द्या. त्या दिवसांत रुळांवर पाणी चढले, की सगळेच ठप्प होते. मे महिन्यात घाम फार येतो, पण शाळेला सुट्टी असते आणि पेरणी लांब असते, तेव्हा तो चालेल. दिवाळीनंतरचे दिवस हवेला चांगले. रविवार मात्र टाळा. गर्दी कमी म्हणून आपल्याला रविवार बरा वाटतो, पण रुळांची दुरुस्ती रविवारीच काढतात. त्याला मेगाब्लॉक म्हणतात, आणि त्या दिवशी कोणती गाडी कोणत्या रुळावरून जाईल याचा मुंबईकरालाही भरवसा नसतो. राणीची बाग बघायची असेल तर बुधवारही नको, त्या दिवशी ती बंद असते. आणि कोणत्याही दिवशी सकाळी आठ ते अकरा या वेळेत मुंबईच्या दिशेने व संध्याकाळी साडेपाच ते नऊ या वेळेत उलट दिशेने लोकलमध्ये चढू नका. नवख्याचे ते काम नव्हे.

आता लोकलचे गणित. ते पोराला प्रवासातच समजावून सांगा, म्हणजे डोक्यात पक्के बसते. मुंबई ही लांबट आणि अरुंद आहे, एखाद्या चिंचोळ्या पट्टीच्या रानासारखी. पश्चिमेला समुद्र. लांबीच्या दिशेने दोन मुख्य रेल्वे धावतात. पश्चिम रेल्वे चर्चगेटहून निघते आणि वांद्रे, अंधेरी, बोरिवली करीत विरारकडे जाते. मध्य रेल्वे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून निघते आणि दादर, कुर्ला, ठाणे करीत कल्याणला येते; तिथून एक फाटा कसाऱ्याकडे, दुसरा कर्जतकडे. तिसरी हार्बर, ती वाशी-पनवेलकडे जाते. दादर हे पश्चिम आणि मध्य अशा दोन्ही रेल्वेंचे स्टेशन. तिथे पूर्वी दोन्हीकडे एक नंबरचा फलाट असे आणि नवा माणूस हमखास चुके. डिसेंबर २०२३ पासून पश्चिमेचे फलाट १ ते ७ आणि मध्यचे ८ ते १४ असे सलग आकडे दिले आहेत, त्यामुळे आता पुष्कळ सोपे झाले. जुने माणूस जुनेच आकडे सांगेल, तेवढे सांभाळा.

फलाटावर वर टांगलेली पाटी असते. तिच्यावर चार गोष्टी दिसतात: गाडी शेवटी कुठे जाणार, किती वाजता येणार, धीमी की जलद, आणि डबे किती. पोराला तिथे उभे करून ही पाटी दोन-तीन गाड्या जाईपर्यंत वाचायला लावा. गाडी गेली तर जाऊ द्या, मागून दुसरी येतेच. धीमी गाडी प्रत्येक स्टेशनावर थांबते, म्हणून नवख्याने धीमीच धरावी, चार मिनिटे जास्त लागली तरी चालेल. डब्यावर काय लिहिले आहे ते वाचूनच चढायचे. आपली माणसे घाईघाईने पहिल्या वर्गाच्या डब्यात शिरतात, आत बाके बरी दिसतात म्हणून बसतात आणि तिकीट तपासनीस आला की दंड भरतात. अपंगांच्या आणि बायकांच्या डब्याचेही तेच.

प्रत्येक स्टेशनाला पूर्व आणि पश्चिम अशा दोन बाजू असतात. पत्ता विचारताना बाजू आधी विचारायची. चुकीच्या बाजूला उतरले की पूल चढून पुन्हा पलीकडे, आणि ऊन असले तर जीव मेटाकुटीला येतो. इथे एक गोष्ट मात्र पोराच्या मनावर कोरून ठेवा. पलीकडे जायचे ते पुलावरूनच. रूळ ओलांडून कधीही नाही, सगळे ओलांडत असले तरी नाही. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर दर वर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मरतात, आणि त्यांतली पुष्कळशी रूळ ओलांडताना किंवा गाडीतून पडून मरतात. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दारात लोंबकळणारी माणसे चालत्या गाडीतून खाली पडून दगावली. ती काही नवखी नव्हती, रोज जाणारीच होती. दारात उभे राहून वारा खायची हौस आपल्या पोरांना फार असते. ती पहिल्याच दिवशी मोडून काढा.

तिकीट पोरालाच काढू द्या. जवळच्या अंतराला दुसऱ्या वर्गाचे पाच रुपये पडतात. खिडकीशी उभे राहून "भायखळा, एक, परतीचं" असे स्पष्ट सांगता येणे, हेही एक शिक्षण आहे. रस्ताही त्यालाच विचारू द्या. आपण मागे उभे राहायचे. विचारायचे ते फलाटावरच्या पोलिसाला, दुकानात बसलेल्या माणसाला, किंवा लहान मूल घेऊन चाललेल्या बाईला. आपणहून जवळ येऊन "कुठं जायचंय?" म्हणणाऱ्याला नाही. आणि मराठीतच विचारायचे. पुष्कळ पोरे मुंबईत पाऊल ठेवले, की मोडकी हिंदी बोलू लागतात. त्याची काही गरज नाही. समोरच्याला मराठी आले नाही तर मग हिंदी आहेच. रिक्षा वांद्रे आणि शीव यांच्या पलीकडे, म्हणजे खाली दक्षिणेकडे जात नाहीत, तिथे टॅक्सी. दोन्ही मीटरवर चालतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिक्षाचे कमीत कमी भाडे २६ रुपये आणि टॅक्सीचे ३१ रुपये ठरले. मीटर न टाकता आकडा सांगणाऱ्याला नमस्कार करून पुढच्याकडे जावे.

आता पाहायचे काय? गेटवे, राणीची बाग, चौपाटी हे पोरे मागतातच, आणि ते दाखवावेच. पण मी सांगतो ती तीन-चार ठिकाणे आपल्या शेतकऱ्याच्या पोराने मुद्दाम पाहण्याजोगी आहेत.

पहिले, वाशीचा घाऊक बाजार. हार्बरच्या गाडीने जाता येते, पण खरी मजा पहाटेची. पूर्वी मुंबईचा फळांचा घाऊक बाजार क्रॉफर्ड मार्केटात भरे. मार्च १९९६ मध्ये तो वाशीला गेला. कांदा-बटाटा त्याच्याही आधी गेला होता. आपण गावात गाडी भरून दिली, की आपले काम संपते आणि पुढे पट्टी येते तेवढीच आपल्याला ठाऊक. पोराला ती गाडी उतरताना दिसू द्या. गोण्या कशा फोडतात, नग कसा निवडतात, वरचा माल चांगला आणि खालचा बारीक निघाला की भाव कसा पडतो, हे त्याने डोळ्यांनी पाहावे. गेल्या खेपेची पट्टी खिशात ठेवा आणि तिच्यातली हमाली, तोलाई, भाडे ही एकेक ओळ तिथे उभे राहून त्याच्याकडून वाचून घ्या. फळे-भाजीपाला आणि कांदा-बटाट्याची अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची, असा नियम २०१६ मध्ये झाला. तो पट्टीत पाळला आहे का, तेही त्यालाच शोधू द्या. मग वहीत त्या दिवसाचा घाऊक भाव लिहायला सांगा आणि दुपारी दादरच्या भाजीगल्लीत त्याच मालाचा किरकोळ भाव विचारून शेजारी लिहायला सांगा. मधल्या फरकात कुणाकुणाचे पोट आहे, यावर घरी आल्यावर बोलता येईल. सगळाच फरक लुटीचा नसतो, नासाडी आणि भाडेही त्यात असते, पण सगळाच न्यायाचा असतो असेही नाही.

दुसरे, क्रॉफर्ड मार्केटची जुनी इमारत. आता तिचे नाव महात्मा ज्योतिबा फुले मंडई. १८६९ सालची. शिवाजी महाराज टर्मिनसवरून चालत दहा मिनिटे. आत शिरायची घाई करू नका. दरवाजाच्या कमानींवर मान वर करून पाहा. तिथे दगडात शेतकरी कोरलेले आहेत. जे. जे. कलाशाळेत शिकवणाऱ्या लॉकवुड किपलिंग या साहेबाने ते केले. रोज हजारो माणसे त्यांच्याखालून जातात आणि वर कुणी पाहत नाही.

तिथून तसेच खाली चालत गेले की हुतात्मा चौक. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी इथे संयुक्त महाराष्ट्रासाठी जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला. त्या लढ्यात शंभराहून अधिक माणसे गेली, तेव्हा कुठे १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. चौकातल्या स्मारकावर दोन पुतळे मशाल धरून उभे आहेत, एक कामगार आणि दुसरा शेतकरी. मुंबई आपली कशी, असे पोराने विचारले तर त्याला इथे आणून उभे करावे. वेगळे भाषण देऊ नये.

आणि तिसरे ठिकाण म्हणावे तर कुठेच नाही, पण सगळीकडे आहे. ते म्हणजे नळाचे पाणी. मुंबईला सात तलावांचे पाणी येते. विहार आणि तुळशी एवढे दोनच शहरात आहेत. तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा, ऊर्ध्व वैतरणा आणि भातसा हे सगळे बाहेर, ठाणे, पालघर आणि नाशिककडच्या डोंगरांत. तानशाचे पाणी १८९२ पासून येते आहे. भातसा आणि तानसा ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तिथल्या कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरने पाणी द्यावे लागते. नाशिककडून येणाऱ्यांनी कसारा उतरल्यावर हा तालुका गाडीच्या खिडकीतून पोराला दाखवावा, आणि मग काकांच्या घरी नळ सोडताना त्याची आठवण करून द्यावी.

काकांचे घर म्हटल्यावर तेही सांगायला हवे. आपल्यापैकी पुष्कळांचे कुणी ना कुणी मुंबईत आहे. सातारा, नगर, कोकण इथल्या कित्येक घरांतली माणसे गिरणीत होती. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर गिरण्या एकेक करून गेल्या. लोअर परळला फिनिक्स गिरणीच्या जागेवर आज चकचकीत मॉल आहे. पोराला तो पाहायचा असतोच. पाहू द्या, पण आजोबा कुठल्या खात्यात होते आणि भोंगा झाला की चाळीतून माणसे कशी लोटत, हे काकांच्या तोंडून आधी ऐकू द्या.

त्यांच्याकडे उतरायचे तर आधी विचारून जा. अचानक बिऱ्हाड घेऊन दारात उभे राहू नका. गावाकडे आपल्याला वाटते, की मुंबईचा काका म्हणजे मोठा माणूस. तो दिवाळीला येतो तेव्हा चांगले कपडे घालून येतो. त्याची खोली पाहिली म्हणजे कळते. दहा बाय बाराची खोली, त्यात पाच माणसे, पोटमाळ्यावर अभ्यास, पाणी पहाटे तासभर, आणि चाळ जुनी असेल तर संडासाला रांग. काकू हसतमुखाने करते, पण दोन माणसे वाढली की तिचे काय होते ते तीच जाणे. तेव्हा जाताना नुसत्या हाताने जाऊ नका. पाच-सहा किलो ज्वारी, शेंगा, घरचे तिखट, लोणचे न्या. पहाटे पाणी भरायला पोराला उठवा, अंथरूण त्यालाच काढू द्या. दोन रात्रींच्या वर मुक्काम नको. आजारी माणूस घेऊन येणाऱ्यांसाठी दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, तीही जाता जाता दाखवून ठेवा. देव करो आणि गरज न पडो.

ही खोली पाहणे मी गेटवेपेक्षा महत्त्वाचे मानतो. दर वर्षी घरात भांडून, परीक्षेत नापास होऊन, किंवा सिनेमाच्या नादाने पोरे मुंबईला पळून जातात. त्यांच्या डोळ्यांसमोर समुद्राकाठचे उंच दिवे असतात. दहा बाय बाराची खोली, आठ वाजताची लोकल आणि महिन्याच्या शेवटी उरणारे पैसे हे एकदा पाहिलेले पोर सहसा पळून जात नाही. गेले तरी डोळे उघडे ठेवून, ठरवून जाते. तरीही १०९८ हा मुलांच्या मदतीचा, १३९ रेल्वेचा आणि ११२ पोलिसांचा आकडा त्याच्या वहीत लिहून ठेवा. मोबाईलवर विसंबू नका. गर्दीत पहिल्यांदा तोच जातो. घरचा आणि काकांचा नंबर तोंडपाठ असला पाहिजे.

मुलीचे काय, असे कुणी विचारील. मुलीला आधी न्या, असे मी म्हणेन. तिला पुढे शिकायला, परीक्षेला, नाहीतर नांदायलाही मुंबईला जावे लागेल, आणि ऐनवेळी तिच्याबरोबर जायला कुणी मोकळे असेलच असे नाही. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट आहे. तेव्हा आई आणि लेक दोघींचे मिळून एका तिकिटात भागते. लोकलला बायकांचे डबे वेगळे असतात आणि तिथे शेजारी बसलेली बाई, विचारले तर कोणते स्टेशन कधी येईल ते नक्की सांगते. किंबहुना आईनेच न्यावे. आईने मुंबई पाहिली नसेल तर दोघींची एकदमच होईल.

समुद्राबद्दल दोन शब्द. विहिरीत पोहणाऱ्या पोराला समुद्र म्हणजे मोठी विहीर वाटते. ते तसे नाही. भरती-ओहोटी दिवसातून दोन-दोन वेळा होते आणि ओहोटीचे पाणी पायाखालची वाळू ओढून नेते. जुहूला दर पावसाळ्यात चांगली पोहणारी पोरे बुडतात. गुडघ्याच्या वर पाणी नको, आणि मरीन ड्राइव्हच्या सिमेंटच्या ठोकळ्यांवर उतरणे तर मुळीच नको.

एवढे सगळे झाले, पोराने दोन दिवस डोळे भरून पाहिले, की शेवटच्या दिवशी सकाळी अकरा वाजून गेल्यावर त्याला दादरला मध्य रेल्वेच्या फलाटावर न्या. हातात वीस रुपये द्या. भायखळ्याला जाऊन यायला सांगा, एकट्याने. तिकीट त्याचे त्याने काढायचे, पाटी त्याने वाचायची. धीमी गाडी धरली तर मधे परळ, करी रोड, चिंचपोकळी ही तीन स्टेशने येतात. ती मोजायची आणि चौथ्याला उतरायचे. पूर्वेला बाहेर पडून कुणाला तरी राणीच्या बागेचा रस्ता विचारायचा, दारापर्यंत जायचे आणि तसेच परत यायचे. आपण पुलाखालच्या बाकावर बसून राहावे. तासभर तरी लागेल. चहा आधीच पिऊन घ्या, आणि पोर येईपर्यंत तो बाक सोडू नका.